हणजूणच्या खडपातून प्रवाळांपर्यंत: गोव्यात समुद्रातले जीव कसे बघावेत

गोव्यात प्रवाळ बघायचे म्हटलं की माणसं आधी बोटवाल्याचा दर विचारतात. माझं म्हणणं असं की आधी एक सकाळ हणजूणच्या (अंजुना) खडपात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावरच्या खडकांत, घालवा. बोटीचं नंतर बघू. थेट मास्क लावून पाण्यात उतरलेली मंडळी परत येऊन काय सांगतात, ते मी बरेचदा ऐकलंय: "काही नाही हो, तपकिरी दगड आणि चार पट्टेवाले मासे." ते तपकिरी दगडच प्रवाळ होते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं आणि डोळ्यांना सवयही नसते. ती सवय घोटाभर पाण्यात, फुकट आणि न बुडता लावून घेता येते.

मी म्हापशाला मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना खडपात नेते तेव्हा जे सांगते तेच इथे लिहितेय. मोठ्यांसाठी थोडं जास्त आहे, कारण मोठी माणसं ऐकत नाहीत.

आधी तिथी बघा

सुरुवात घरात, भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. आपल्याला उतरलेलं पाणी हवं. त्यातही दिवसाउजेडी हवं.

जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी, सव्वाआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. पण त्यातून एक कामाची गोष्ट कळते. ऐन पौर्णिमेला किंवा अमावास्येला ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास येते, काळोखात. त्यानंतरच्या प्रतिपदा, द्वितीया, तृतीयेला ती सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान येते आणि पाणीही चांगलंच उतरलेलं असतं. हेच आपले दिवस. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, वेळ सोयीची वाटते आणि त्यात रविवार आला की लोक जातात. मग बघायला काहीच मिळत नाही.

तिथीवरून दिवस ठरला की फोनवर मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडून नेमकी वेळ बघा. दिवसात ओहोट्या दोन, पण दोन्ही सारख्या नसतात. सकाळच्या ओहोटीचा आकडा ०.३ मीटर किंवा त्याहून कमी असेल तर जा. ०.८ वगैरे असेल तर घरी थांबून घावन करा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा विषय बंद. पावसाळ्यात खडपावर लाटा माणसाला उचलून नेतात. यात शौर्य दाखवण्यासारखं काही नाही. दसऱ्यानंतर पाणी निवळायला लागतं आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले.

काय न्यायचं

जुने कॅनव्हासचे बूट, चपला नकोत. खडकावर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. टोपी, पाणी, शिसपेन्सिल आणि वही (पेन ओलं झालं की रुसतं). एक भिंग. आणि सगळ्यात महत्त्वाचा एक पारदर्शक, सपाट तळाचा प्लास्टिकचा डबा, झाकणाशिवाय. त्याचा तळ पाण्यावर हलकेच टेकवून वरून आत बघितलं की पाण्यावरची चमक आणि तरंग दोन्ही जातात आणि तळ स्वच्छ दिसतो. मुलांना वाटतं बाईंनी खास उपकरण आणलंय.

जाळं, बादली, पिशवी काही नाही. ज्यात काही ठेवता येईल असं जवळ असलं की ठेवायचा मोह होतो.

खडपात

ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि उतरत्या पाण्यामागून खाली सरका. पाय कुठे ठेवायचा हे रंगावरून ठरवा. हिरवं दिसलं की घसरणार. काळं आणि ओलं चकाकणारंही घसरतं. कोरडा, खरबरीत कातळ किंवा मधली वाळू भरवशाची.

वरून खाली उतरताना वस्त्या बदलत जातात, त्या बघत चला. सगळ्यात वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे भेगांमध्ये मुगाच्या दाण्याएवढ्या गोगलगाई. त्याखाली बार्नेकल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचवाले जीव, आणि कालवांचा पट्टा. मग टोपीसारख्या कवचाचे लिंपेट, खडकाला असे चिकटलेले की बोटाने हलत नाहीत. अगदी खाली, जिथे फक्त उधाणाच्या ओहोटीलाच हवा लागते, तिथे स्पंज, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी) आणि आपल्याला हवी असलेली मंडळी.

आता एक डबकं निवडा. एकच. गुडघ्यापेक्षा कमी खोल, कडेला कपार असलेलं, तळाशी थोडी वाळू असलेलं. त्याच्या बाजूला बसा आणि अर्धा तास हलू नका. तुमची सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला बसा. पहिली पाच मिनिटं डबकं रिकामं दिसेल. मुलं तेवढ्यात "बाई, दुसरीकडे जाऊया" सुरू करतात. नाही म्हणायचं.

पहिली हालचाल बहुतेक शंखांची असते. जो शंख नुसता पडलेला वाटत होता तो चालायला लागतो, म्हणजे आत खेकडा आहे. या साधू खेकड्यांना स्वतःचं पाठीमागचं कवच नसतं, पोट मऊ असतं, म्हणून मेलेल्या गोगलगाईचे शंख वापरतात आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतात. नशीब असेल तर घर बदलताना दिसतो. नव्या शंखाच्या तोंडाशी येतो, नांगी आत घालून चाचपतो, शंख गोल फिरवून बघतो, पुन्हा चाचपतो. आत खडा असेल तर काढून टाकतो. हे सगळं इतका वेळ चालतं की बघणाऱ्याचा धीर सुटतो, आणि मग डोळ्यांची पापणी लवायच्या आत मऊ पोट या शंखातून त्या शंखात गेलेलं असतं. किनाऱ्यावरचे रिकामे शंख गोळा करून घरी नेऊ नका, असं मी मुलांना सांगते तेव्हा हे दाखवूनच सांगते. त्या खेकड्यासाठी ती भाड्याची खोली आहे आणि खोल्या कमीच असतात.

त्यानंतर छोटे मासे बाहेर येतील. खडकाच्या रंगाचे, तळाला टेकून बसणारे आणि झटक्यात उडी मारणारे. मग झिंगे, काचेसारखे, ज्यांचे फक्त डोळे दिसतात.

आणि आता कपारीच्या कडेला बघा. हिरवट-तपकिरी गादीसारखं काहीतरी पसरलेलं असेल. पाण्याबाहेर असेल तेव्हा ते ओल्या, चिकट गाठींसारखं दिसतं आणि लोक शेवाळ समजून त्यावर पाय देतात. पाण्याखालच्या भागावर डबा टेकवा. प्रत्येक गाठ उघडलेली दिसेल. शर्टाच्या बटणाएवढी चकती, मधे चिरेसारखं तोंड आणि कडेला बारीक स्पर्शकांची झालर. शेकडो चकत्या एकमेकींना खेटून. हे झोअँथिड. हाताची सावली त्यांच्यावर आणा, जवळच्या पाण्यात हलकी लाट करा आणि भिंगातून बघा: एक चकती मिटते, मग शेजारची. थोड्या वेळाने पुन्हा उघडतात.

हा प्राणी प्रवाळांचा सख्खा चुलतभाऊ. प्रवाळाचा एकेक जीव, ज्याला पॉलिप म्हणतात, तो असाच असतो: एक नळी, वर तोंड, भोवती स्पर्शक, खाली बूड चिकटलेलं. फरक एवढाच की प्रवाळाचा पॉलिप समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःखाली दगडी वाटी बांधतो. पिढ्यान्‌पिढ्या वाट्यांवर वाट्या चढत जातात आणि त्याची भिंत होते. झोअँथिड वाटी बांधत नाही. म्हणून त्याची भिंत होत नाही, गादीच राहते. हिरवट रंग दोघांनाही एकाच कारणाने येतो. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी घरमालकाला देतं. त्या बदल्यात त्याला राहायला जागा आणि मालकाच्या शरीरातली टाकाऊ द्रव्यं खत म्हणून मिळतात. प्रवाळांचं बहुतेक पोट यावरच चालतं. म्हणून त्यांना उथळ, स्वच्छ, उजेडाचं पाणी लागतं.

हे एवढं डबक्यात बसून कळलं की बोटीचे पैसे वसूल.

हात लावायचा नाही, हे नीट सांगते. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. बोटाला जखम असेल किंवा तोच हात डोळ्याला लागला तर महागात पडतं. शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा जिवंत शंख दिसला तर तोही उचलू नका. कोन गोगलगाय विषारी काटा भाल्यासारखा मारते आणि मोठ्या जातींच्या डंखाने माणसं मेलेली आहेत. कपारीत हात घालू नका. पलटवलेला दगड पुन्हा तसाच ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही. खरं तर पलटवूच नका.

परतीची वेळ पाणी ठरवतं. भरतीचे सहा तास सारखे नसतात. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. उधाणाला दोन मीटरचा फरक धरला तर पहिल्या तासात पाणी जेमतेम १७ सेंटीमीटर वर येतं, तिसऱ्या तासात अर्धा मीटर. पहिल्या तासात "कुठे काय चढलंय" म्हणून बसून राहिलेले तिसऱ्या तासात अडकतात. खडपात कालवं काढणाऱ्या बायका कोयता-टोपली घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्यातली एखादी उठून "बाय, उदक चडटा" म्हणाली की कोष्टक बघत बसायचं नाही, निघायचं.

आता बोट

खरे दगडी प्रवाळ बघायला मुरगावच्या भूशिरासमोरचं ग्रँड आयलंड. इथे लक्षद्वीपसारखी निळी चित्रं डोक्यात घेऊन जाऊ नका. मांडवी आणि झुआरी दर पावसाळ्यात गाळ आणि गोडं पाणी समुद्रात ओततात. प्रवाळांना दोन्ही नको असतं. तरीही बेटाच्या आडोशाला, खडकांवर, तुकड्यातुकड्याने ते टिकून आहेत. मला तर या गोष्टीचं लक्षद्वीपपेक्षा जास्त कौतुक वाटतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथल्या प्रवाळांचा अभ्यास केलेला आहे.

बोट ठरवताना तीन प्रश्न विचारा. नांगर कुठे टाकता, वाळूत की खडकावर? माशांना पाव घालता का? एका वेळी पाण्यात किती माणसं आणि त्यांच्याबरोबर किती जाणती? पहिल्या प्रश्नाला "कुठेही टाकतो, काळजी नको" असं उत्तर आलं तर दुसरी बोट बघा. नांगराचं एक खेचणं म्हणजे वर्षानुवर्षांची वाढ गेली. पोराइट्ससारखा गोल, धोंड्यासारखा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. फुटबॉलएवढा धोंडा दिसला की हिशेब करा. एकदा आम्ही गेलो त्या बोटीवर पोरं पावाचे तुकडे टाकत होती आणि मासे बोटीभोवती खळखळत होते. फोटो झकास आले, पण पाव खाणारा मासा खडकावरचं शेवाळ खात नाही, आणि ते शेवाळ वाढलं तर प्रवाळावर चढतं.

सनस्क्रीन नको, पूर्ण बाह्यांचा लायक्राचा शर्ट घाला. सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या द्रव्यांमुळे प्रवाळांना अपाय होतो म्हणून हवाईने अशा सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून बंद केली. शर्टाने उन्हाचाही प्रश्न सुटतो आणि जेलीफिशचाही बराचसा. मास्क घ्यायच्या आधी पट्टा न लावता तोंडावर ठेवून नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. मिशीवाल्यांचा गळतो, त्याला इलाज नाही. काचेला आतून थुंकी लावून विसळा, धुकं धरत नाही. किळस वाटत असेल तर अर्धा वेळ धुकं बघा.

पाण्यात आडवे तरंगा, उभे राहू नका. उभं राहिलं की पाय खाली लागतात, वाळू उडते, आणि लागलं ते बहुधा जिवंत असतं. चार-पाच मीटरपर्यंत दिसत असेल तर दिवस चांगला. पुन्हा तोच नियम: एक खडक निवडा आणि त्याच्यावरच तरंगत राहा.

आधी रंग विसरा आणि पोत बघा. दगड गुळगुळीत किंवा शेवाळलेला असतो. प्रवाळाच्या पृष्ठभागावर ठरावीक नक्षी असते. फेविटीसच्या जातींवर अनारशाच्या जाळीसारखी खोबणी दिसतात, प्रत्येक खोबणीत एक पॉलिप. पोराइट्सची छिद्रं इतकी बारीक की लांबून गुळगुळीत वाटतो. टर्बिनेरियाचे पसरट, किंचित वळलेले थर असतात, पिवळट-तपकिरी. गाळ सोसण्यात हा त्यातल्या त्यात दणकट. बहुतेक प्रवाळ दिवसा मिटलेले असतात, स्पर्शक रात्री बाहेर काढतात. गोनिओपोराचं उलट आहे, तो भर दिवसा लांब मान काढून झुलतो आणि प्रत्येक पॉलिपला चोवीस स्पर्शक असतात. ते मोजायला तेवढं निवळ पाणी मिळालं तर मला कळवा.

मग त्यावर कोण राहतं ते बघा. पिवळ्या अंगावर काळे उभे पट्टे असलेले सार्जंट मासे सगळ्यात आधी दिसतील. त्यांतला एखादा जागचा हलत नसेल, जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जात असेल, तर त्याच्या मागचा खडक बघा. जांभळट डाग दिसेल. ती अंडी आहेत आणि राखणदार बाप आहे. तुमच्या अंगठ्यावरही तो धावून येईल. कपारीतून तोंड उघडं ठेवून बघणारी मोरे वाम चावायला टपलेली वाटते, पण ती श्वास घेतेय. कल्ल्यांवरून पाणी फिरवायला तिला तोंड उघडावंच लागतं. खडकाच्या सावलीत गोब्रा स्थिर असेल. आपण ज्याचा बाजारात तोंड बघून भाव करतो त्या गोब्र्याच्या बऱ्याच जाती मादी म्हणून वाढतात आणि पुढे नर होतात. म्हणून मोठेच मोठे काढत राहिलं की नर कमी पडतात. हे मी शुक्रवारच्या बाजारात मासळीवालीला सांगितलं. ती म्हणाली, "बाई, मग तुम्ही लहान घ्या, स्वस्त लावते."

पांढरा प्रवाळ दिसला तर थांबा. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतो. रंग जातो, खालचा चुना दिसायला लागतो. यालाच विरंजन म्हणतात. ग्रँड आयलंडवरही हे नोंदलं गेलं आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. पांढरा म्हणजे लगेच मेलेला नव्हे. नीट बघितलं तर खोबणीत काचेसारखे पारदर्शक पॉलिप अजून दिसतात. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाल परत येतं. पांढऱ्यावर हिरवी-तपकिरी लव चढलेली दिसली तर मात्र तो भाग गेला. वहीत लिहिताना "पांढरा" आणि "लव चढलेला" हे वेगळे लिहा. तारीख, जागा, अंदाजे खोली आणि शेजारी कुठला मासा होता तेही लिहा. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर जात ओळखायला जाणकार मदत करतात.

तुकडा मात्र उचलायचा नाही, किनाऱ्यावर वाहून आलेला, मेलेला, मुलीने हट्ट धरलेला, कुठलाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ आहेत, समुद्रपंखे आहेत, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो तुकडा वाघाच्या रांगेत. मत्स्यालयात शोभेला ठेवायचा पांढरा प्रवाळ कोणी विकायला दाखवला तर तोही घेऊ नका.

हणजूण आणि ग्रँड आयलंड दोन्ही झालं आणि अजून हौस असेल, तर दक्षिणेला काणकोणात पाळोळे-आगोंदची खडपं आहेत, उत्तरेला पेडण्यापलीकडे मालवण. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. शनिवारी दुपारी म्हापशाहून निघालात तर मुक्कामाला मालवण आणि रविवारी सकाळी पाण्यात. तिथी बघून निघा, आणि बोट ठरवताना नांगराचं विचारायला विसरू नका.